गाळलेल्या जागा : झरीचा धडा आणि चिकित्सेचे शिक्षण

आपल्या प्रश्नपत्रिकांत एक जुना प्रश्न असतो : 'गाळलेल्या जागा भरा.' पुस्तकातले एक वाक्य घ्यायचे, त्यातला एक शब्द काढायचा आणि विद्यार्थ्याने तो जसाच्या तसा आणून बसवायचा. शब्द कोणी गाळला, नेमका हाच का गाळला, हे विचारण्याची सोय त्या प्रश्नात नाही. आपल्या शिक्षणव्यवस्थेची सगळी वृत्ती या एका प्रश्नात उतरली आहे, असे मला वाटते. ज्याने गाळले त्याला जाब नाही. ज्याला भरायचे आहे त्याला मात्र गुण कापले जाण्याची भीती.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून 'चिकित्सक विचार' हा शब्द शिक्षकांच्या प्रशिक्षणात आणि परिपत्रकांत वरचेवर ऐकू येतो. शब्दाला माझा विरोध नाही. पण तो ज्या सुरात उच्चारला जातो, त्याला आहे. जणू चिकित्सा ही शहरातून खोक्यात भरून आणायची वस्तू आहे आणि पाड्यावरच्या, वस्तीवरच्या मुलाच्या डोक्यात ती ओतायची आहे! उदाहरणे घेतली जातात ती कोड्यांची, जाहिरातींची, फार तर पर्यावरणाची. ज्या प्रश्नांनी मुलाच्या आजोबाचे आयुष्य पिळून काढले, त्यांच्या आसपासही हे पाठ फिरकत नाहीत. कोणालाच न दुखवणारी चिकित्सा म्हणजे बुद्धीची कवायत होय. तिने बुद्धी चपळ होईल. माणूस मोकळा होणार नाही.

म्हणून या लेखात मी एक गाव निवडले आहे. झरी. या गावी जे घडले त्याचा धडा वर्गात कसा घ्यावा, आणि त्यातून मुलांची चिकित्सक बुद्धी कशी वाढवावी, याचा विचार मी शिक्षक-कार्यकर्त्यांपुढे ठेवतो. साधन म्हणून मी आपल्याच प्रश्नपत्रिकेतले जुने प्रश्न घेतो. फक्त त्यांची तोंडे उलटी फिरवतो.

२

आज पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात असलेले झरी १९४५ साली ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव भागात होते. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरीचा पट्टा महाराष्ट्रात राहिला. १९३५ च्या कायद्याने डहाणू-उंबरगावच्या मुलखाला एक नाव दिले होते : 'अंशतः वगळलेला प्रदेश'. सरकारी दप्तराने वगळलेला आणि इतिहासाच्या पुस्तकाने गाळलेला, असा हा मुलूख.

येथल्या वारल्यांची जमीन सावकार-जमीनदारांच्या घशात गेली होती. मालकाच्या शेतावर वेठ करायची, हाक आली की हातातले काम टाकून जायचे. लग्नासाठी कर्ज काढले की नवराच नव्हे तर त्याची बायकोही मालकाच्या घरी राबायची. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. हे केवळ चळवळीचे म्हणणे नव्हते. मुंबई सरकारचा अधिकारी सिमिंग्टन याने १९३९ च्या अहवालात हीच स्थिती नोंदवली होती. अहवाल छापला गेला, वेठ चालूच राहिली.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. उंबरगाव भागातले काही वारली तेथे गेले होते. माह्या धांगडा हे त्यांतले एक नाव इतिहासाने जपले आहे. त्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर या मुलखात आले, आणि २३ मे १९४५ रोजी झरीला सुमारे पाच हजार वारली जमले. त्यांनी ठरवले : रोख बारा आणे रोज मिळाल्याखेरीज मालकाच्या शेतावर जायचे नाही, वेठ करायची नाही, मारहाण सोसायची नाही, एकीने राहायचे.

आता इतिहासाच्या कोणत्याही शालेय पुस्तकात १९४५ हे साल काढा. महायुद्धाची अखेर सापडेल, सिमल्याची परिषद सापडेल, आझाद हिंद सेनेचे खटले सापडतील. झरी सापडलीच तर एखाद्या ओळीत. पहिला पाठ येथेच सुरू होतो. मुलांना पुस्तकातले एक पान द्यावे आणि सांगावे : 'गाळलेल्या जागा भरू नका, शोधा.' या पानावर कोण आहे, कोण नाही? जो नाही, तो त्या वर्षी कोठे होता, काय करीत होता? या प्रश्नाला खडू-फळ्यापलीकडे काहीही खर्च लागत नाही.

३

दुसरा जुना प्रश्न : 'कोण कोणास म्हणाले?' मराठीच्या तासाला याचे उत्तर पाठ करून लिहितात. मी तो असा वाढवतो : कोण, कोणास, कोणाविषयी म्हणाले? आणि ज्याच्याविषयी म्हटले तो काय म्हणाला?

या प्रश्नासाठी गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक घ्यावे. ते १९७० साली प्रसिद्ध झाले, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी साहित्यात या पुस्तकाचे मोल मोठे आहे, याबद्दल मला शंका नाही. पांढरपेशा घरातली, कायद्याची पदवी घेतलेली एक स्त्री झोपडीत राहते, पायी हिंडते आणि जे पाहिले ते अलंकाराचा सोस न धरता सांगते. आदिवासींकडे 'निसर्गाची लेकरे' म्हणून पाहणाऱ्या मराठी लेखनाला या पुस्तकाने चांगलाच झटका दिला.

पण आदर हा चिकित्सेला पर्याय नव्हे. विद्यार्थ्यांना या पुस्तकाच्या नावापासून सुरुवात करायला सांगावी. माणूस जागा होतो, म्हणजे तो आधी झोपला होता काय? टिटवाळ्याला गेलेला वारली झोपेत गेला होता काय? मालकाच्या माराची भीती असताना परक्या माणसांच्या परिषदेला जाणे हे जागेपणाचेच काम आहे. मग कोणी कोणाला जागे केले? एका बाजूला संघटनेची दृष्टी होती, दुसऱ्या बाजूला भोगलेल्या जिण्याचे ज्ञान होते. दोन्ही भेटल्याखेरीज झरी घडली नसती, असा निष्कर्ष विद्यार्थी काढतील, किंवा वेगळाही काढतील. काढू द्यावा.

दुसरे असे की, सगळी कथा 'मी'च्या तोंडून येते आणि तो 'मी' वारली नाही. पुस्तकातले वारली बोलतात ते लेखिकेच्या निवडीतून बोलतात. दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला शिकवले की सहानुभूतीचा 'मी' आणि अनुभवाचा 'मी' एक नसतात. हे माप आपण सवर्ण लेखकांच्या दलितविषयक लेखनाला लावतो. ते येथेही लावले पाहिजे. त्याने गोदावरीबाई लहान होत नाहीत. उलट, त्यांच्या कथेत न मावलेल्या कथा कोणत्या, हे शोधायची वाट मोकळी होते. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारावे, त्यांच्या बोलीत टिपून आणावे आणि बोलीतच वाचून दाखवावे. लग्नगड्याच्या बायकोची बाजू कोणी सांगितली? ती कोणत्या कागदावर आहे? सिमिंग्टनचा अहवाल, परुळेकरांचे लेखन आणि घरातली आठवण या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मुलाला कळते, पुरावा म्हणजे काय आणि पुराव्यालाही जात-वर्ग-लिंग असते म्हणजे काय.

४

तिसरा प्रश्न : 'कारणे द्या.' याची उत्तरे गाइडमध्ये छापून येतात. झरीची मात्र गाइडमध्ये नाहीत. ती शेतात आहेत.

ठराव मेच्या अखेरीस का झाला? शेतकऱ्याच्या मुलाला हे ओळखायला वेळ लागणार नाही. पुढच्या महिन्यात पाऊस येणार, पेरणी आणि मागोमाग आवणी. आवणी पंधरा दिवस लांबली तर वर्ष हातचे जाते. म्हणजे मालकाला मजुराची सर्वांत जास्त गरज असते ती याच दिवसांत. पुढे त्याच वर्षी दुसरा संप झाला तो गवतकापणीचा. पावसाळा सरताना का? ठाण्याचे गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. ते वेळेवर कापले नाही तर वाळून जाते, आणि व्यापाऱ्याचा पैसा अडकतो. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी बाजार आणि ऋतू यांचा हिशेब किती पक्का केला होता! 'अडाणी' हा शब्द कोणी कोणासाठी बनवला, हा पुढचा प्रश्न मुले आपण होऊन विचारतील.

गणिताच्या शिक्षकानेही या धड्यात यावे. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. लग्नासाठी शंभर रुपये कर्ज घेतले असे धरू. बारा आण्यांची सगळी मजुरी कर्जात वळती केली तर ते १३४ दिवसांत फिटते. पोटाला आठ आणे ठेवून रोज चार आणेच कापले, तर ४०० दिवसांत. मग लग्नगड्याचे अख्खे आयुष्य का गेले? उरलेले दिवस कोणाच्या खात्यात जमा झाले? व्याजाचा दर काय, हिशेब कोणाच्या वहीत, वही वाचता कोणाला येत होती? सरळव्याजाचे उदाहरण असे घातले की गणित हा विषय निर्जीव राहत नाही. आणि हे गणित जुने झालेले नाही. आज वीटभट्टीवर आगाऊ उचल घेऊन जाणाऱ्या घरांतली मुले आपल्या वर्गात बसतात. त्यांना हा आकडा कोठे टोचतो, ते शिक्षकाने पाहावे.

याच संदर्भात एक तुलना करण्यासारखी आहे. १९४५ सालीच, याच डहाणू तालुक्यात, बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. १९५७ साली ते कोसबाडला गेले. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे नेऊ, या विचारातून अंगणवाडी आली, गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने हा मोठा विचार होता. पण विद्यार्थ्याने विचारावे : कुरणशाळेने 'गुराख्याला कसे शिकवावे' हा प्रश्न सोडवला, 'ते मूल गुरे का चारते, आणि कोणाची चारते' हा प्रश्न कोणी विचारला? बोर्डी आणि झरी ही एकाच वर्षाची, काही कोसांवरची दोन उत्तरे आहेत. एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही. हे समजणे म्हणजेच चिकित्सा.

५

आतापर्यंतचे प्रश्न दुसऱ्यांच्या पुस्तकांना विचारले. आता स्वतःच्या घरात यावे लागेल. त्याखेरीज या लेखाला अर्थ नाही.

फळ्यावर दोन तारखा लिहाव्यात. ६ मे १९४५ : मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जातीय पेचाविषयीचे भाषण. २३ मे १९४५ : झरी. मध्ये फक्त सतरा दिवस. त्या भाषणात बाबासाहेबांनी कायदेमंडळांतल्या प्रतिनिधित्वाची योजना मांडली, आणि आदिम जमातींना तिच्यातून बाहेर ठेवले. त्यांच्या ठिकाणी अजून राजकीय जाणीव विकसित झालेली नाही, त्यामुळे त्या दुसऱ्यांच्या हातातले साधन बनू शकतील, अशा आशयाचे कारण त्यांनी दिले, आणि वगळलेल्या प्रदेशांसाठी कायद्याने स्वतंत्र आयोग नेमावा असे सुचवले.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवायला आपल्यातले काही जण कचरतात. मी म्हणतो, ठेवाच. आणि मग घाई न करता विचारू द्या. बाबासाहेब कशाविषयी बोलत होते? संख्येच्या तोलाविषयी, मतदानाच्या राजकारणाविषयी. आणि झरी कशाविषयी होती? मजुरी आणि वेठीविषयी. राजकीय जाणीव म्हणजे निवडणुकीची जाणीव एवढीच की 'उद्यापासून मालकाच्या शेतावर जाणार नाही' हीही? ६ मेच्या वक्त्यापाशी कोणती माहिती होती, कोणती असणे शक्य नव्हते? आणि तिसरी बाजूही सांगावी : १९५० च्या राज्यघटनेत अनुसूचित जमातींना राखीव जागा आल्या, पाचवी अनुसूची आली, आणि तेविसाव्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली. ज्याच्या हातून ही घटना आकाराला आली त्याच्या विचाराचा हा प्रवास कसा वाचायचा? शिवाय, जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरुद्ध कोकणच्या शेतकऱ्यांचा जो मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर गेला, त्यात बाबासाहेबांबरोबर शामराव परुळेकर होते. मग वाटा का फुटल्या?

या प्रश्नांची तयार उत्तरे माझ्यापाशी आहेत, पण ती मी वर्गात आधी सांगणार नाही. ज्या माणसाने ग्रंथप्रामाण्य नाकारून बुद्ध निवडला, त्याच्याच शब्दाचे प्रामाण्य करून ठेवणे हा त्याचा अनादर आहे. १९७३ च्या दलित पँथरच्या जाहीरनाम्याने 'दलित' शब्दाच्या व्याख्येत आदिवासींना घेतले. व्याख्येत घेतले, पण आपल्या अभ्यासवर्गांत, आपल्या वाचनयाद्यांत घेतले काय? गाळलेल्या जागा फक्त प्रस्थापितांच्या पुस्तकांत नसतात. आपल्याही वह्यांत असतात.

६

'चित्राचे वर्णन करा' हा प्रश्न खालच्या इयत्तांत असतो. तो वरच्या इयत्तांत आणावा. वारली चित्रे आज पुस्तकांच्या कडांना, सरकारी भिंतींना, हॉटेलांना, साड्यांना आहेत. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी या कलेला जगभर नेले. याचा अभिमान योग्यच आहे. पण चित्राचे मूळ विचारा. लग्नात घरातल्या भिंतीवर सुवासिनी चौक लिहितात आणि धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. म्हणजे हे चित्र लग्नाचे आहे. आणि लग्नगडी हाही लग्नातूनच निर्माण झालेला आहे. चौक सगळ्यांच्या भिंतीवर गेला. चौकासाठी काढलेले कर्ज कोणाच्या भिंतीवर आहे? संस्कृती घ्यायची आणि इतिहास टाकून द्यायचा, ही निवड कोणी केली? एवढा एक प्रश्न विचारला की 'शोभा' या शब्दामागचे राजकारण उघडे पडते.

७

शेवटचा प्रश्न : 'खरे की खोटे ते लिहा.' हा प्रश्न परीक्षेत एका गुणाचा असतो. आमच्या मुलखात तो माणसांच्या जिवाचा ठरला आहे.

१० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला हजारो वारली जमले. किसान सभेच्या सांगण्याप्रमाणे, बाईंच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी या, असा खोटा निरोप जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांवर फिरवला होता, आणि दुसरीकडे पोलिसांना सांगितले होते की वारली हल्ल्यासाठी जमले आहेत. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मारले गेले. जमलेल्यांचा दोष काढण्यासाठी मी हे सांगत नाही; आपल्या माणसावर संकट आले असे कळल्यावर माणूस धावतोच. पण विद्यार्थ्यांनी तो निरोप उलगडून पाहावा. कोणी आणला? त्याला कोणी सांगितले? स्वतः पाहिले होते का? लोक जमले तर फायदा कोणाचा?

हेच चार प्रश्न पंचाहत्तर वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे कोणी विचारले असते तर! टाळेबंदीचे दिवस होते, चोर आणि मुले पळवणारे फिरतात अशी अफवा होती, आणि जमावाने दोन साधू व त्यांचा चालक अशा तीन निरपराध माणसांना ठार मारले. नंतर आणखी एक अफवा देशभर फिरली, मारणारे अमुक धर्माचे होते अशी, आणि राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्यांची नावे जाहीर करून ती खोडावी लागली. पहिली अफवा पाड्यांवर फिरली, दुसरी शिकलेल्यांच्या फोनवर. म्हणून चिकित्सेचा अभाव हा निरक्षरांचा रोग आहे, असे कोणी म्हणू नये. हा पाठ घेताना शिक्षकाने फार जपून राहावे. मेलेली माणसेही कोणाची तरी होती आणि तुरुंगात गेलेलीही. पण जपून म्हणजे गप्प राहून नव्हे.

८

आक्षेप मला ठाऊक आहेत. अभ्यासक्रम पुरा व्हायचा असतो. हे सगळे प्रश्न आठवड्यात एका तासिकेला एक असे घेतले तर दोन महिन्यांत होतात. मुले उद्धट होतील, असेही म्हणतात. प्रश्न विचारणारे मूल ज्याला उद्धट वाटते, त्याने तो प्रश्न स्वतःला विचारलेला नसतो. शाळेत राजकारण नको, हा तिसरा आक्षेप. काय गाळायचे हे ठरवणे हेच राजकारण आहे, आणि ते शाळेत आधीच आलेले आहे.

खरा धोका चौथा आहे आणि तो आपल्यासारख्यांकडूनच आहे. कार्यकर्ता-शिक्षक उत्तर आधी ठरवून येतो आणि मुलांकडून ते वदवून घेतो. मग विद्रोहही पाठांतराचा विषय होतो. यावर एक उपाय आपल्या परंपरेतच आहे. जोतीराव फुल्यांच्या १८५५ च्या 'तृतीय रत्न' नाटकात विदूषक मध्येच येतो, चाललेल्या फसवणुकीवर बोट ठेवतो. प्रत्येक तासाला वर्गातल्या एका मुलाला किंवा मुलीला विदूषक नेमावे. तिचे काम एकच : शिक्षकाला अडवणे. 'गुरुजी, हे तुम्हाला कसे कळले?' एवढे विचारायची तिला मुभा असावी, आणि गुरुजींना उत्तर देण्याचे बंधन.

त्याच १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते, आणि तो 'ज्ञानोदया'त छापून येतो. तिने धर्माला, पेशवाईला आणि वेदांच्या मालकीला प्रश्न विचारले. तिला चिकित्सक विचाराचे प्रशिक्षण देणारे परिपत्रक कोणी काढले नव्हते. तिला अक्षर मिळाले होते आणि प्रश्न विचारायला कोणी बंदी केली नव्हती, एवढेच. झरीला जमलेल्यांना तर अक्षरही मिळाले नव्हते.

तेव्हा शिक्षकमित्रांनो, येत्या २३ मेपूर्वी आपापल्या गावची झरी शोधा. प्रत्येक तालुक्यात अशी एक जागा आहे. ती मुलांना भरून देऊ नका. ती कोणी गाळली, एवढे मुलांना शोधू द्या.